कोरड्या डोंगरावरचे पाणी

(दिंद्रुड, जि. बीड येथे कार्यकर्ते आणि त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



येत्या रविवारी आपण सर्वजण सहकुटुंब धारूरचा किल्ला पाहण्यास निघणार आहोत. त्याआधी त्या किल्ल्याविषयी थोडे बोलावे, अशी येथील कार्यकर्त्यांनी सूचना केली, म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे. दिंद्रुडकरांना धारूर नवीन नाही. तेलगाव ओलांडले, घाटाची वळणे चढून गेले की धारूर येते. बाजारहाटाला, सोयरिकीला, कचेरीच्या कामाला आपण तेथे कितीदा तरी गेला असाल. परंतु किल्ल्यात जाऊन, तटावर उभे राहून खाली पाहिले आहे असे किती जण, असे विचारले तर हात थोडेच वर येतील. रायगड, प्रतापगडाला आपण वर्गणी काढून जातो, आणि ते योग्यच आहे. पण घरच्या उंबऱ्याशी असलेला दुर्ग आपल्याला दिसत नाही. धारूर म्हटले की आपल्याला सीताफळे आठवतात, घाटातले अपघात आठवतात. किल्ला शेवटी आठवतो.

धारूरचा किल्ला बालाघाटाच्या कड्यावर आहे. तीन बाजूंना खोल दऱ्या, आणि जेथे डोंगर पठाराला जोडलेला, तेथे खंदक. म्हणजे निसर्गाने तीन बाजूंचे काम केले आणि माणसाने चौथ्या बाजूचे. सह्याद्रीतील किल्ल्यांवर आभाळ फाटल्यासारखा पाऊस पडतो. तेथे पाणी मुरवणे आणि साठवणे तुलनेने सोपे. आपला मुलूख पर्जन्यछायेचा. वर्षाला सरासरी साठ-पासष्ट सेंटीमीटर पाऊस, तोही एखाद्या वर्षी पाठ फिरवणारा. अशा कोरड्या डोंगरावर शेकडो माणसे आणि जनावरे महिनोन् महिने वेढ्यात तग धरून राहावीत, असे स्थान उभारायचे, तर पहिला प्रश्न तोफेचा नसतो, पाण्याचा असतो. म्हणून माझी आपल्याला विनंती आहे की रविवारी बुरूज मोजण्याआधी पाणी शोधा. पाऊस कोठून वाहत येई, कोठे अडवला जाई, गाळ कोठे बसे, पाणी भरणारी माणसे कोणत्या वाटेने उतरत, हे मुलांना शोधायला सांगा. गोड्या पाण्याची गोडी दिंडी आणि खाऱ्या पाण्याची खारी दिंडी ही नावे धारूरकरांच्या तोंडी अजून आहेत. ज्या मुलखात पाण्याच्या चवीवरून जागांना नावे पडतात, तेथील माणूस पाण्याकडे किती बारकाईने पाहत असेल!

येथे मला दुसऱ्या एका डोंगरी किल्ल्याची आठवण होते. तो आपल्यापासून हजारो कोस दूर, इस्रायलमध्ये, मृत समुद्राच्या काठच्या वाळवंटात आहे. त्याचे नाव मसादा. आपल्या कोकणातून गेलेले बेने इस्रायली बांधव आज ज्या देशात राहतात, तोच हा देश. तेथे गेल्यावरही त्यांनी मराठी जपली, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक काढले. त्यामुळे मराठी माणसाला मसादा अगदीच परका नाही.

मृत समुद्राच्या पातळीपासून चारशेहून अधिक मीटर उंच उठलेला, माथा सपाट असलेला एकटा डोंगर. भोवती गवताची काडी नाही. पाऊस वर्षाकाठी जेमतेम चार-पाच सेंटीमीटर. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात हेरोद राजाने तेथे तटबंदी, कोठारे आणि महाल बांधले. पण त्याच्या स्थपतींचे खरे कर्तृत्व डोंगराच्या उतारावर दडलेले आहे. जवळच्या कोरड्या ओढ्यांना वर्षातून दोन-चारदा अचानक पूर येतो. तेवढ्या काही तासांच्या पुरावर त्यांनी बांध घातले आणि ते पाणी चरांमधून, केवळ उताराच्या बळावर, कड्यात कोरलेल्या बारा प्रचंड टाक्यांत नेले. एकूण साठा सुमारे चाळीस हजार घनमीटर, म्हणजे चार कोटी लिटर. आपल्या भाषेत सांगायचे तर दहा हजार लिटरचे चार हजार टँकर. तेथून ते पाणी माणसांच्या आणि जनावरांच्या पाठीवरून माथ्यावर चढे. टँकर म्हणजे काय हे बीड जिल्ह्याला कोणी समजावून सांगायला नको. २०१६ साली शेजारच्या लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, तेही आपण पाहिले. ज्यांच्याकडे आपल्या पावसाचा दहावा हिस्साही नव्हता, त्यांनी दोन हजार वर्षांपूर्वी काय केले, हे म्हणूनच ऐकण्यासारखे आहे.

मसादा जगाला माहीत आहे तो मात्र पाण्यासाठी नव्हे, मृत्यूसाठी. रोमन सत्तेविरुद्ध ज्यूंनी बंड केले, इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमचे मंदिर भस्मसात झाले, आणि उरलेल्या बंडखोरांचा एक गट एलाझार बेन याईर याच्या नेतृत्वाखाली या डोंगरावर टिकून राहिला. रोमन सेनापती सिल्वा याने भोवती वेढ्याची भिंत आणि छावण्या उभारल्या. त्यांचे चौकोन आजही वरून स्पष्ट दिसतात. पश्चिमेच्या बाजूने दगडमातीचा उतार चढवून त्याने तटाला भगदाड पाडले. दुसऱ्या दिवशी रोमन सैनिक आत शिरले, तेव्हा त्यांच्यासमोर शांतता होती. गुलामीत जाण्यापेक्षा आतल्या ९६० जणांनी, बायकामुलांसह, मरण पत्करले होते. हे इसवी सन ७३ किंवा ७४ मधले. कोठारातील धान्य त्यांनी जाळले नाही. आम्ही उपासमारीने मेलो नाही हे शत्रूला कळावे म्हणून ते तसेच ठेवले, असे योसेफस हा इतिहासकार सांगतो. योसेफस त्या वेळी तेथे नव्हता, आणि त्याच्या वृत्तान्तातील किती भाग अक्षरशः खरा, यावर संशोधकांत आजही वाद आहे. १९६३ ते १९६५ या काळात यिगाएल यादीन यांनी तेथे मोठे उत्खनन केले, त्यानंतरही तो मिटला नाही. पण इस्रायलने त्या डोंगरातून प्रेरणा घेतली. एके काळी तेथील रणगाडा दलाचे नवे सैनिक त्याच्या माथ्यावर शपथ घेत असत. २००१ साली त्याची जागतिक वारशात गणना झाली.

ही कथा ऐकताना अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. आपल्या देशालाही जोहार माहीत आहेत. तरीही त्या कथेतील एक तपशील मला अधिक मोलाचा वाटतो. योसेफस सांगतो की त्या रात्री दोन स्त्रिया आणि पाच मुले वाचली. ती कोठे लपली होती? जमिनीखालच्या पाण्याच्या मार्गात! त्यांतील एकीने बाहेर येऊन सारे सांगितले, म्हणून जगाला मसादाची कथा कळली. पाण्यासाठी खोदलेल्या चराने सात जीव राखले आणि त्या जीवांनी इतिहास राखला.

आता आपल्या धारूरकडे वळू. १५६५ साली राक्षसतागडीच्या रणात दक्षिणेतील सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचे साम्राज्य धुळीस मिळवले. हा पराभव आपल्या इतिहासातील मोठी जखम आहे. पण जेत्यांची एकजूट किती दिवस टिकली? दोनच वर्षांनी, १५६७ मध्ये, विजापूरच्या अली आदिलशहाचा सरदार किश्वरखान लारी याने अहमदनगरच्या निजामशहाला शह देण्यासाठी धारूरचा किल्ला बांधला. काल खांद्याला खांदा लावून लढलेले आज एकमेकांच्या छातीवर किल्ले उभारत होते.

अहमदनगरच्या गादीवर तेव्हा तरुण मुर्तजा निजामशहा होता. किश्वरखानाने त्याला उद्दाम पत्र पाठवले. मुर्तजा इतका भडकला की किल्ल्यात शिरेपर्यंत रिकिबीतून पाय काढणार नाही, अशी त्याने शपथ घेतली आणि गोळ्या-बाणांच्या वर्षावात घोडा थेट दरवाजापर्यंत नेला, असे तत्कालीन इतिहासकार नोंदवतात. हे १५६९ साल. एकाएकी आतून मारा थांबला. कोणी तरी आत डोकावले, तर किश्वरखान बाण लागून मरून पडलेला. सरदार पडताच शिबंदी पसार झाली होती. किल्ला नवा कोरा, तट शाबूत, पाणी भरपूर, दारूगोळा भरपूर. आणि एका माणसाच्या मृत्यूबरोबर सारे संपले. कारण आतला प्रत्येकजण त्या एका माणसाचा पगारी चाकर होता. किल्ल्याशी त्याचे स्वतःचे असे नाते नव्हते.

याच मुर्तजाच्या राज्यातील सलाबतखानाच्या काळात बीड शहराजवळ खजाना बावडी झाली. राजा भास्कर नावाच्या स्थपतीने ती बांधली, असे सांगतात. तिचे भूमिगत कालवे अनेक दुष्काळांत शेते भिजवत राहिले आहेत. मुर्तजाची शपथ इतिहासाच्या पुस्तकात राहिली, विहीर मात्र लोकांच्या उपयोगी पडली. आणि खडक फोडणारे हात विजापूरचे नव्हते, नगरचेही नव्हते. या मातीत दगड घडवण्याची विद्या ज्या पाथरवट, वडार, बेलदार समाजांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली, त्यांचे ते हात होते, असे मी मानतो. त्यांची नावे कोणत्याही शिलालेखात नाहीत.

दुसरा प्रसंग १६३१ सालचा. शाहजहान बुऱ्हाणपुरास तळ देऊन बसला होता आणि त्याचा सेनापती आझमखान निजामशाही मुलूख तुडवत होता. त्या वेळी या प्रदेशावर १६३० ते १६३२ चा भयंकर दुष्काळ पसरत होता. अशा दिवसांत जानेवारी १६३१ मध्ये धारूर मोगलांच्या हाती पडला. आधी बाहेरची पेठ लुटली गेली, मग किल्ला. पुढे धारूरला ‘फतेहाबाद’ असे नाव मिळाले. पण त्याच आझमखानाने लगेच परांड्याला वेढा घातला तेव्हा काय झाले? आसपास कित्येक कोस जनावरांना गवताची काडी मिळेना, आणि त्याला वेढा उठवून धारूरकडे परतावे लागले. परांडा तलवारीने वाचला नाही, दुष्काळाने वाचवला. त्या दुष्काळात रयतेचे काय झाले असेल, याची कल्पना १९७२ पाहिलेल्या वडीलधाऱ्यांना करता येईल. शिवनेरीवर बाळ शिवबा तेव्हा जेमतेम अकरा महिन्यांचा होता.

आणि आता त्या प्रसंगाकडे येतो, ज्यासाठी धारूरचे नाव प्रत्येक मराठी घरात ठाऊक असायला हवे.

१६६५ च्या जूनमध्ये पुरंदरचा तह झाला. मुरारबाजींसारखा वीर पडला होता, मिर्झाराजा जयसिंह आणि दिलेरखान यांचा फास आवळत चालला होता. महाराजांनी तेवीस किल्ले देऊन टाकले. स्वराज्याच्या निम्म्याहून अधिक दुर्ग! त्या दिवशी कित्येकांना वाटले असेल की सारे संपले. महाराजांनी मात्र किल्ले दिले आणि माणसे राखली. १६७० मध्ये कोंढाण्यापासून सुरुवात करून तेच किल्ले पुन्हा घेतले गेले. मसादाच्या वीरांपुढे मी मस्तक नमवतो. पण महाराजांनी निवडलेली वाट वेगळी होती. ती जगण्याची, परतण्याची वाट होती. दगड गेला तर पुन्हा मिळवता येतो, गेलेला माणूस कोठून आणायचा?

या सगळ्या धामधुमीत एक मोठा माणूस हातून निसटला. स्वराज्याचे सरनौबत नेताजी पालकर. १६६६ च्या जानेवारीत पन्हाळ्याच्या हल्ल्यात ते वेळेवर पोहोचले नाहीत, बिनसले, आणि ते आधी विजापूरकरांकडे, मग मिर्झाराजांच्या आमिषाने मोगलांकडे गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराज आग्र्याहून निसटले. औरंगजेबाच्या मनात लगेच संशय आला की आता नेताजीही निघून जाईल. त्याने कैदेचा हुकूम सोडला. नेताजी तेव्हा कोठे होते? आपल्या धारूरजवळच्या मोगली छावणीत. ऑक्टोबर १६६६ मध्ये दिलेरखानाने त्यांना तेथे कैद केले. साखळदंडांत त्यांना उत्तरेकडे नेण्यात आले. पुढे छळापुढे ते नमले, १६६७ मध्ये त्यांचे धर्मांतर झाले, मुहम्मद कुलीखान असे नाव मिळाले आणि त्यांची रवानगी काबूलच्या बाजूला झाली.

बालाघाटाच्या माथ्यावरून काबूलच्या उजाड डोंगरांत! घाटातून खाली उतरताना नेताजींनी कदाचित हीच गोदेची खोरी, हीच आपली शिवारे शेवटची म्हणून पाहिली असतील.

पण ते शेवटचे ठरले नाही. तब्बल नऊ वर्षांनी दिलेरखानाबरोबर त्यांना दक्षिणेत पाठवण्यात आले, आणि नेताजी परत आले. महाराजांच्या राज्याभिषेकाला तेव्हा दोन वर्षे झाली होती. १९ जून १६७६ रोजी प्रायश्चित्त विधी होऊन नेताजी पुन्हा स्वधर्मात आले. आज आपल्याला ही गोष्ट सोपी वाटते. त्या काळच्या समाजाची कल्पना करा. एकदा गेला तो गेला, त्याच्या हातचे पाणीही नको, असा तो समाज. शिवाय हा माणूस नुसता धर्म बदललेला नव्हता. शत्रूची चाकरी करून आलेला होता. त्याला दाराबाहेर ठेवण्यासाठी शास्त्र होते, लोकापवाद होता, राजकारणही होते. महाराजांनी दार उघडले. छत्रपतींच्या पराक्रमांची यादी करताना आपण अफझलखान, शायिस्तेखान, सुरत, आग्रा एवढे मोजतो. माझ्या मते त्या दिवशीचे धैर्य त्यांहून तसूभरही कमी नव्हते.

म्हणून रविवारी किल्ल्यातून खालच्या दरीकडे पाहताना नेताजींची आठवण मुलांना सांगा. आणि आणखी एक गोष्ट सांगितली तर मी आपला ऋणी राहीन.

धारूर, वडवणी, केज, आपला माजलगाव, या तालुक्यांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास काय होते हे आपण जाणता. कोयता घेऊन बैलगाडीतून, ट्रकमधून, ट्रॅक्टरमधून कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. गावातील निम्मी घरे कुलूपबंद होतात. उरतात ती म्हातारी माणसे. मुले आईबापांबरोबर पाचटात राहतात, किंवा आजीकडे मागे राहतात. मार्च-एप्रिलमध्ये टोळ्या परततात, तोवर शाळेचे वर्ष संपत आलेले असते. परतलेल्या मुलाला वर्गात मागच्या बाकावर बसवले जाते, पुढे त्याचे नाव हळूच गळते. बारा-तेरा वर्षांचा झाला की त्याच्याही हाती कोयता येतो. मुलीचे लग्न होते. हे सारे घडते ते डोंगरावर पाणी थांबत नाही म्हणून. आपल्या खालच्या अंगाला माजलगावचे धरण आहे, कालवा आहे, ऊस आहे. वरच्या वाड्या-तांड्यांवर मात्र चार महिन्यांचेही पाणी नसते. ज्या बालाघाटाच्या कड्यावर साडेचारशे वर्षांपूर्वी पाणी अडवून किल्ला जगवला, त्याच कड्याखालची माणसे आज दुसऱ्यांचा ऊस तोडून जगतात.

कोणी म्हणेल, किल्ल्याच्या व्याख्यानात हे कशाला? किल्ल्यातला गाळ काढण्याचे श्रमदान ठरवू या, असे काही तरुण मला येताना म्हणाले. त्यांचा उत्साह कौतुकास्पद आहे, पण संरक्षित वास्तूत पुरातत्त्व खात्याच्या परवानगीशिवाय फावडे लावू नये. गाळात जुन्या वस्तू असतात, तटाचा पाया असतो; चांगल्या हेतूने केलेली खोदाईही नुकसान करते. परवानगीसाठी अर्ज करा, पाठपुरावा करा. ते उत्तर येईतो आपल्या शिवारात समतल चर खोदण्याला, गावची जुनी बारव उपसण्याला कोणाची आडकाठी असणार? ग्रामसभेत एक ठराव पुरे. हंगामी वसतिगृहाची योजना सरकारने केलेली आहे. आपल्या परिसरातील किती मुले तिचा लाभ घेतात, किती नुसती कागदावर आहेत, हे शाळेत जाऊन विचारायला कार्यकर्त्याला कोणता अधिकार लागतो? आणि हंगाम संपवून परतलेल्या मुलाला संध्याकाळी दीड तास शिकवायला आपल्या घरातील शिकलेल्या सुना-मुली तयार झाल्या, तर त्याचे सुटलेले वर्ष भरून निघेल. सहा महिने शाळेबाहेर राहिलेले पोर म्हणजे काही नऊ वर्षे काबूलला राहून आलेला सरदार नव्हे.

आता रविवारच्या व्यवस्थेविषयी. सकाळी सातला मारुती मंदिरापासून निघायचे आहे. उन्हाआधी किल्ल्यात पोहोचलो तर लहान मुलांना त्रास होणार नाही. प्रत्येक कुटुंबाने आपली भाकरी आणि पाण्याचा डबा बरोबर घ्यावा. वर पाणी मिळेल असे गृहीत धरू नये. तटाच्या कडेला मुलांना एकटे सोडू नये, दगड ढासळलेले आहेत. तटावर नावे कोरणारा आपल्यापैकी कोणी निघणार नाही, याची मला खात्री आहे. आणि प्रत्येक गाडीत चार जागा रिकाम्या ठेवा. ज्यांचे आईवडील तोडीला गेले आहेत आणि जी आजी-आजोबांकडे राहिली आहेत, अशी मुले आपल्या गावात आहेत. त्यांची यादी शिक्षकांकडे आहे. शनिवारी संध्याकाळी दोन-दोन कार्यकर्त्यांनी त्यांच्या घरी जाऊन आजीची परवानगी घ्यावी आणि त्यांना रविवारी आपल्याबरोबर आणावे.